डावखुरं इंजिन

बस स्टँडजवळ बन्सीधरची विजेची गिरणी सुरू झाली, त्या दिवशी माझ्या गिरणीत एकूण दोन दळणं आली. एक माझ्या थोरल्या जावेचं आणि दुसरं माझंच. जावेचं दळण भिडेखातर आलं होतं. जाताना तिनंही पीठ नाकाशी नेऊन विचारलं, "डिझलचा वास तर येत न्हाई ना गं?" नऊ वर्षं त्याच पिठाच्या भाकरी खाल्ल्या आणि वास तिला त्या दिवशी आला.

मी चांगुणाबाई. झरीची गिरणीवाली. ही गोष्ट १९८० सालची आहे, पण मला ती कालच्यासारखी आठवते, कारण त्या दोन महिन्यांत मी जेवढी चिडले तेवढी जन्मात चिडले नाही.

बन्सीधर माणूस म्हणून वाईट नव्हता, पण त्याला स्वतःचं बोलणं फार आवडायचं. "बटन दाबलं की दळण. ना धूर, ना धडधड. करंटाची गिरणी हाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी म्हणायची, करंट्याचीच आहे ती. लोक हसायचे आणि दळण त्याच्याकडेच टाकायचे. विनोदावर गिरणी चालत नाही, हे मला आठ दिवसांत कळलं.

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. माझी त्यात काही अडचण झाली नाही, कारण त्यांना अख्खं गाव मिस्त्रीच म्हणायचं. शिवारातल्या विहिरींवरची डिझेलची इंजिनं दुरुस्त करायची, हा त्यांचा धंदा. बोलणं कमी. एखादी गोष्ट पटली की हातातल्या पान्यानं कान खाजवायचा, एवढाच त्यांचा होकार. गिरणी त्यांनी मला बसवून दिली होती, पण चालवायची मी. हँडल मारून इंजिन मी सुरू करायची, दगड घासले की छिन्नी-हातोडी घेऊन टाकीही मीच लावायची. माझ्या भुवयांवर कायम पीठ असायचं. गावातली लेकरं मला म्हातारी समजायची, तेव्हा मी चाळिशीचीही नव्हते.

महिना झाला तरी गिरणीत कुणी फिरकेना, तेव्हा आमचे भाया, म्हणजे मिस्त्रींचे थोरले भाऊ तात्याराव, ओसरीवर येऊन बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "चांगुणे, आता बस झालं. इंजिन हिरीवर लावू, दगड इकून टाकू. तू उद्यापासून वावरात ये. घरच्या बाईनं घरच्या वावरात राबावं, त्यात काय लाज न्हाई."

लाज नव्हतीच. पण वावर त्यांचं होतं. तिथं मी त्यांच्या हाताखाली राबणार, सणाला थोरल्या जाऊबाई देतील ते लुगडं नेसणार. या जगात माझं म्हणावं असं काही होतं तर ती गिरणी. पहाटे कुलूप काढलं की आत माझं राज्य. ते मला सोडायचं नव्हतं. भायांसमोर मोठ्यानं बोलायची रीत नव्हती, म्हणून मी पदर सारखा करून हळू आवाजात सांगितलं, "होळीपस्तोर थांबा. तवर गिरणी चालली न्हाई तर म्या सोता दगड उचलून भाईर टाकते."

आता हे बोलताना माझ्या डोक्यात काही होतं का? काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

डोक्यात आलं ते चार दिवसांनी. येडबाच्या वस्तीवरच्या दोन बाया डोक्यावर ज्वारीची गाठोडी घेऊन बन्सीधरच्या दारात शिरताना मला दिसल्या. येडबाची वस्ती आमच्यापासून तीन कोस. मेंढरं राखणारी, जमेल तशी शेती करणारी माणसं. तिथं ना वीज, ना गिरणी. नऊ वर्षं त्या बाया माझ्याकडे यायच्या, आता बन्सीधरकडे जात होत्या. मी जाब विचारला. त्यातली एक तोंडावर म्हणाली, "त्याची गिरणी आधी लागती माय. तीन कोस मान मोडून आल्यावर अजून शंभर पावलं कोन चालतंय?"

मला राग आला, पण बाई खोटं बोलत नव्हती. शंभर पावलांसाठी गिऱ्हाईक जात असेल, तर तीन कोस वाचवले तर? अशा वस्त्या आमच्या भोवती सात-आठ होत्या. दळण गिरणीकडे येतं, हे आपण धरून चाललो होतो. गिरणी दळणाकडे का जाऊ नये?

मी मिस्त्रींना म्हणाले, "वकिलांची मोटार बगा एकदा."

दिनकरराव वकील निजामाच्या काळात हैदराबादला शिकलेले. तिथूनच त्यांनी ऑस्टिन मोटार आणली होती, काळी, गोल डोळ्यांची. पेट्रोलच्या तिच्या इंजिनाला तडा गेला आणि अकरा वर्षं ती त्यांच्या गोठ्यात उभी होती. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायच्या. आम्ही गेलो तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "खुशाल घेऊन जा. मला वासराला जागा पाहिजेच आहे. कोंबड्या तेवढ्या उतरवून घ्या." आणि कागदपत्रांचं मी बघतो, असंही त्यांनी आपणहून सांगितलं.

मिस्त्रींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. खाली वाकून पाहिलं. चाक हलवलं. मग पान्यानं कान खाजवला. गाडी बैलांनी ओढून आमच्या दारात आली.

मग जे सुरू झालं त्याला गाव रोज तमाशासारखं बघायला यायचं. अंगणातल्या लिंबाच्या जाड फांदीला मिस्त्रींनी जड सामान उचलायची चेनकुप्पी बांधली आणि गाडीचं जुनं इंजिन उचलून बाहेर काढलं. गिरणीतलं आमचं इंजिन डबल सिलिंडर, दहा हॉर्सपॉवरचं, अवघं नऊ वर्षांचं. गाडीच्या मानानं ते कालचं पोर. ते जमिनीतून उखडताना मी बाजूला उभी होते. बोल्ट कापले, इंजिन वर उचललं गेलं आणि गिरणीच्या जमिनीत चार भोकं तेवढी राहिली. आता माघारी फिरायची वाट नाही, हे मला तेव्हा कळलं.

पण काम असं चाललं की भीतीला वेळच उरला नाही. इंजिन नव्या जागी बसवायचं म्हणजे त्याचं फ्लायव्हील आणि गाडीचा क्लच यांची सोयरीक जुळवायची. मध्ये जाड पत्र्याची तबकडी लागणार होती. मिस्त्रींनी पुठ्ठ्यावर भोकं आखली, मी तो पुठ्ठा कात्रीनं कापला, आणि परभणीच्या लेथवरून तबकडी आली ती पहिल्या झटक्यात बसली. इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांना मोडीतल्या ट्रकचे दोन-दोन पाटे जोडले. इंजिन उंच, म्हणून बोनेटला वरून चौकोन कापला. त्यातून इंजिनाचं डोकं बाहेर यायचं, खिडकीतून सुनेवर लक्ष ठेवणाऱ्या सासूसारखं. मागची गादी काढून तिथं दगड बसवला. मागचं एक चाक जॅकनं उचलायचं, त्या चाकाला लावलेल्या पुलीवर पट्टा चढवायचा आणि दगड फिरवायचा, असा सगळा बेत. हा बेत निम्मा माझा होता. गाव मात्र म्हणायचं, मिस्त्रीनं काय डोकं चालवलंय!

महिनाभरात गाडी तयार झाली. मला वाटलं, गावासमोरच चालवावी. बाजारचा दिवस धरला. तात्यारावांना बोलावलं, वकीलसाहेबांना खुर्ची टाकली. बन्सीधर न बोलावता आला. मी स्वतः नारळ फोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बगा आता."

मिस्त्री आत बसले. मी हँडल मारलं. दुसऱ्याच झटक्याला इंजिन धडधडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

मिस्त्रींनी ब्रेक दाबला. गिअर काढून पुन्हा बघून टाकला, पहिलाच. गाडी आणखी मागं गेली. दुसरा टाकला, तर जास्त जोरात मागं गेली आणि कडब्याच्या गंजीत घुसून थांबली. वर बसलेल्या दोन कोंबड्या ओरडत उडाल्या. बाजारातली माणसं पोट धरून हसायला लागली. बन्सीधरनं सगळ्यांचं हसू जरा थांबू दिलं, मग सावकाश म्हणाला, "चांगुणाबाई, गिरणी लय जोरात चाललीय, पर माघारी चाललीय."

मी त्याला उत्तर दिलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. भाया उठून गेले. त्यांचं ते उठून जाणं मला बन्सीधरच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली ती फक्त चहासाठी. मिस्त्री म्हणाले, मागच्या गिअरमध्ये टाकली तर गाडी पुढं जाते. मी म्हणाले, "म्हंजी वस्तीवर जायला एकच गिअर, आन पळून यायला चार? व्वा!" मी फार बोलले. रागात माणूस जवळच्यालाच टोचतो, तशी टोचत राहिले, आणि तेही मुकाट्यानं ऐकत राहिले.

सकाळी सवयीनं गिरणीचं कुलूप काढलं. आत काय होतं, जमिनीतली चार भोकं. भिंतीवरच्या खुंटीला जुना लांब पट्टा लटकत होता. नऊ वर्षं एकाच जागी राहून त्याला वळण पडलं होतं, खुंटीवरसुद्धा तो मधोमध पीळ घेऊनच लोंबत होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि मग एकदम सगळं ध्यानात आलं. मी कपाळावर हात मारला.

आमचं इंजिन डावखुरं होतं! बाकीची इंजिनं ज्या बाजूला फिरतात त्याच्या उलट ते फिरायचं. नवीन आणलं तेव्हा पहिल्याच दिवशी दगड उलटा फिरून ज्वारी भरडायच्या ऐवजी बाहेर फेकायला लागला होता. मिस्त्रींनी तेव्हा काय केलं? पट्टा काढला, त्याला मधोमध एक पीळ दिला आणि परत चढवला. दगड सुलटा फिरला. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानंतर नऊ वर्षं कुणाला त्याची आठवणही झाली नाही. विहिरीवर काय, गिरणीत काय, इंजिन उलटं निघालं तर आपल्याकडे कुणी इंजिनाकडे बघतच नाही. पट्ट्याला पीळ देतात आणि तंबाखू चोळायला बसतात. आख्ख्या परगण्यात मिस्त्रींसारखा मिस्त्री नाही आणि तेही हेच विसरले.

मी पळतच घरी आले. ते गाडीखाली आडवे होते. मी म्हणाले, "अवं, इंजिन डावखुरं हाय आपलं!"

"ते मला कालच कळलं," गाडीखालून आवाज आला. "पर गाडीत पट्टा कुठं हाय पीळ द्यायला?"

"मग इंजिनच फिरवून बसवा."

"दुसऱ्या तोंडाला फ्लायव्हील न्हाई. क्लच कशाला लावू?"

मला गप्प बसणं जमत नाही. मी तिथंच मातीत बसले आणि विचारलं, "पट्टा न्हाई, तर दुसरं काही तरी असंलच की पिळायला. इंजिन फिरतंय असं लांबच्या लांब, आन चाकं फिरत्यात अशी आडवी. मधी कुठंतरी ती फिरकी वळती का न्हाई?"

"वळती. मागच्या दांड्यात, मधल्या गोळ्यात."

"मला दावा."

त्यांनी गोळा उघडला. तेलानं माखलेला, पण आत बघितलं तर काही अवघड नव्हतं. एक मोठं दातेरी ताट उभं होतं आणि इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोकाला एक लहानसं दातेरी चाक त्या ताटाला भिडलेलं होतं. लहान चाक फिरलं की ताट फिरतं, ताट फिरलं की गाडीची चाकं. ताट लहान चाकाच्या डाव्या अंगाला होतं.

मी घरात जाऊन भाकरीची परात आणि लाटणं घेऊन आले. मिस्त्रींना परात उभी धरायला लावली, डाव्या अंगाला. लाटण्याचं टोक तिच्या पोटाला टेकवलं आणि फिरवलं. परात पुढं फिरली. मग मी म्हणाले, "आता उजव्या अंगाला धरा." लाटणं मी तसंच, त्याच बाजूला फिरवत होते.

परात मागं फिरली.

मग त्यांनी परात खाली ठेवली, पाना उचलला आणि कान असा खाजवला की कानाला सगळं काळं तेल लागलं.

"अख्खा गोळा काढून उलटा बसवायचा," ते म्हणाले. "आयला! पट्ट्याला न्हाई, तर दांड्याला पीळ."

तीन दिवस लागले. गोळा काढला, खालचा वर केला, दोन्ही बाजूंचे चाकांचे दांडे अदलाबदल केले, तेल ओतायचं भोक नव्यानं पाडलं. मिस्त्रींनी मला ताटाचे दात दाखवले. वीसेक वर्षं एकाच बाजूनं जोर घेऊन ती बाजू झिजली होती. आता जोर दुसऱ्या बाजूवर येणार होता आणि ती बाजू करकरीत कोरी होती. मी म्हणाले, "बगा, चूक केली तर नवी गाडी मिळाली." ते हसले. चार दिवसांत पहिल्यांदा हसले. मला इतकं बरं वाटलं की मी बाजारच्या दिवशी जे जे बोलले होते त्याची माफी मागून टाकली. ते म्हणाले, कधीची माफी? मी ऐकतच नव्हतो.

या वेळी कुणाला बोलावलं नाही. नारळही फोडला नाही. मी हँडल मारलं, मिस्त्रींनी पहिला गिअर टाकला आणि गाडी अंगणातून, फाटकातून, सरळ पुढं निघाली. मी तिच्यामागं पळत होते आणि ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही.

एक गंमत मात्र राहिली. गिअरबॉक्स उलटा फिरत असल्यामुळे गाडी पुढं गेली की तिच्या मैलांचे आकडे कमी व्हायचे. वकीलसाहेबांना ते सांगितलं तर म्हणाले, "मग मलाही रोज थोडं फिरवून आणत जा. माझीही थोडी वर्षं उतरतील."

होळीला पाच दिवस उरले होते. येडबाच्या वस्तीवर बाजारातल्या बायांबरोबर निरोप धाडला की बुधवारी गिरणी येते. बुधवारी सकाळी आम्ही निघालो. मिस्त्री गाडी चालवत होते, शेजारी मी, मांडीवर पट्टा. गाडी ताशी वीस मैलांच्या वर जात नव्हती, पण आम्हाला घाई नव्हती. दोन्ही अंगांना ज्वारी काढून झाली होती, काढलेली कणसं खळ्यावर पडलेली दिसत होती. सगळीकडे नवी ज्वारी, आणि ती दळायला मी निघाले होते. मी फार खुशीत होते. बन्सीधरला संध्याकाळी काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते.

वस्ती आली. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. मी खाली उतरले.

माणूस नव्हतं. पंधरा-वीस घरं, आणि एकही माणूस नाही. एका चुलीवरच्या तव्यात भाकरी जळत होती. एका अंगणात उखळात मुसळ तसंच उभं होतं. कोकरं बांधलेल्या दाव्यांना झटे देत ओरडत होती. एका दारात लहान मुलीची एकच चप्पल पडलेली होती. मी हाक मारली, "अवं, कुनी हाय का? दळणवाली आलीय!" पलीकडच्या तुरीत काही तरी सळसळलं आणि परत शांत झालं.

मला काही उमगेना. मिस्त्री गाडीच्या दाराला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मोटार बगून पळाले. चार सालांमागं जीप यायची, ध्यानात हाय का?"

मला ध्यानात आलं. आणीबाणीतली जीप. ती अशीच सकाळी यायची. आतली माणसंही गोड हाक मारायची. मग हाताला लागतील त्या बाप्यांना, पोरांना आत कोंबायची आणि नसबंदीचं ऑपरेशन करून संध्याकाळी सोडून द्यायची. या वस्तीतून कितीतरी जण नेले होते. त्यात एक तर लग्न न झालेला होता. त्यानंतर या वस्तीला मोटार म्हणजे एकच गोष्ट माहीत होती. मोटारीत गिरणी येणार हा निरोप त्यांनी ऐकला असेल, पण तो खरा कुणाला वाटणार? गिरणी कधी मोटारीतून येते का?

बाजारात सगळं गाव हसलं तेव्हा मी रडले नव्हते. इथं मला रडू आलं. गाडी चालली होती, दगड तयार होता, सगळं बरोबर केलं होतं, आणि गाडी आणली हेच चुकलं होतं. ही वस्ती पळाली तर बाकीच्या सातही पळणार. होळीनंतर मी भायांच्या वावरात निंदायला जाणार. ते मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

"पुन्यांदा हाक मार," मिस्त्री म्हणाले.

"माझ्या हाकंनं कोन येतंय? जीपवालेबी हाकाच मारायचे." मी डोळे पुसले आणि म्हणाले, "चाक उचला."

"दळण न्हाई, माणूस न्हाई, चाक कशाला उचलू?"

"तुमी उचला तर."

त्यांनी जॅक लावून चाक उचललं. मी पट्टा चढवला. गाडीच्या धुराच्या नळीला लावलेला सायलेन्सर मी पान्यानं स्वतः खोलून काढला. मग त्या अंगणातून एक फुटकं मडकं उचललं, त्याच्या बुडाला दगडानं भोक पाडलं आणि ते नळीच्या तोंडावर पालथं बसवून तारेनं आवळलं. आमच्या मुलखात डिझेलच्या गिरण्यांच्या धुराड्यावर असं मडकं नाही तर डबा लावतात. त्यातून धूर निघाला की कुक्, कुक्, कुक् असा आवाज होतो आणि तो वाऱ्यावर दोन-तीन कोस जातो. गिरणी चालू आहे, दळण घेऊन या, असा त्याचा अर्थ. लांबच्या बाया हा आवाज ऐकूनच घरून निघतात, नाही तर हेलपाटा पडतो. आणि प्रत्येक इंजिनाचा आवाज वेगळा. आमचं डावखुरं दोन ठोके सरळ टाकायचं आणि तिसरा जरा अडखळून. नऊ वर्षं तो आवाज वाऱ्यावर या वस्तीपर्यंत येत होता.

मी हँडल मारलं. मडकं बोलायला लागलं. मी घरून आणलेली दोन पायल्या ज्वारी वर ओतली आणि दगड जुंपला. पीठ पडायला लागलं, तरी मी तुरीकडे बघितलं नाही. मान खाली घालून दळत राहिले, गिरणीत दळायची तशी.

किती वेळ गेला कोण जाणे. मिस्त्रींनी माझ्या खांद्याला हात लावला. मी मान वर केली. तुरीच्या कडेला एक म्हातारी उभी होती. उंच, वाळलेली, कपाळावर आडवं कुंकू. ती पुढंही येत नव्हती आणि मागंही जात नव्हती. नुसती कान देऊन ऐकत होती.

"ह्यो तर चांगुणीच्या गिरणीचा आवाज," ती लांबूनच म्हणाली. "मला वाटलं म्हातारपणी भरमिष्ट झाले का काय. गिरणी हितं आली, का मीच चालत झरीला आले?"

"गिरणीच आलीय काकू. मीच हाय, चांगुणा."

ती जवळ आली. माझ्या भुवयांवरचं पीठ बोटानं पुसून पाहिलं. मग वळून तुरीकडे तोंड केलं आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की कोकरंसुद्धा गप्प झाली, "भाईर या रे! दळायला आलेत, धरायला न्हाई!"

कासाबाई तिचं नाव. येडबाची चुलती. घरात जाऊन तिनं ज्वारीचं गाठोडं आणलं. घर गाडीपासून दहा पावलांवर असेल. तरी तिनं आधी फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, त्यावर गाठोडं घेतलं, मान ताठ केली आणि ती दहा पावलं ती तशीच चालत आली, जशी नऊ वर्षं तीन कोस चालत होती. हसावं का काय करावं, मला कळेना. मी तिचं दळण घातलं. अर्ध्या तासात पीठ तिच्या हातात होतं, गरम.

तोवर एकेक करून बाया तुरीतून बाहेर येत होत्या, मागं लेकरं, आणि सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून, बापे. पण कासाबाई जागची हलत नव्हती. पिठाचं गाठोडं दोन्ही हातांत धरून तिनं सूर्याकडे बघितलं. तो अजून डोक्यावरही आला नव्हता.

"माय, दळणाला तर दिवस जातोय," ती म्हणाली. "पहाटं निघायचं, दिवस मावळता यायचं. आज तर झालंबी. आता दिवसभर म्या काय करू?"

मी गाडीचं पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, "बसा."

ती वकीलसाहेबांच्या गादीवर ऐसपैस बसली, पीठ मांडीवर घेतलं, तंबाखूची चंची सोडली. बाया गाठोडी घेऊन गाडीभोवती रेटारेटी करायला लागल्या होत्या. कासाबाईनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दम भरला.

"नंबरानं या गं! ढकलाढकली काहून करायल्या? गिरणी कुठं जात न्हाई."